चंद्रावरचा उपाशी माणूस

तीन दिवस झाले, दगडाबाई अन्नाला शिवली नव्हती, आणि सगळं पाप राधाकिशनच्या जिभेचं होतं.

तिचा लेक आसाराम मेंढरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून नांदूरघाटच्या जत्रेत आला आणि बायस्कोपच्या तंबूपुढे उभा राहिला. हातात काठी होती, पण भांडायचं त्राण नव्हतं. "मास्तर," तो राधाकिशनला म्हणाला, "तुमीच त्याला वर ठिवलाय. आता तुमीच खाली उतरवा."

खेळ मुका होता आणि गोऱ्यांच्या मुलखातला होता. चार माणसं एका यंत्रात बसून चंद्रावर जातात. परतताना यंत्राला चौघांचं वजन पेलत नाही. मग त्यातला तरणा पोरगा आपण होऊन खाली उतरतो आणि बाकीचे उडून जातात. पडद्यावरच्या पाट्या गावात कोणाला वाचता येणार? त्या वाचून गोष्ट सांगायचं काम राधाकिशनचं. शेवटच्या पाटीवर 'तो मागे राहिला' एवढंच होतं. पण एवढ्यावर थांबला तर तो राधाकिशन कसला! "ना भाकर, ना पाणी," तो गळा काढायचा, "माय माय करत लेकरू उपाशी बसलंय, मायबाप!" बाया पदर तोंडाला लावून हुंदके द्यायच्या. राधाकिशन स्वतःही रडायचा. खोटं नव्हे, अगदी खरं, रोज दोन्ही खेळांना.

यंत्राचा दांडा फिरवणारा पंडित मागून खवचटपणे हसायचा. "रडा, रडा. चंद्र पुठ्ठ्याचा हाय. अन् तो गोरा कवाच कोंबडी हाणून झोपला असंल."

दगडाबाईनं खेळ पाहिला तो नेमका चतुर्थीला. रात्री चंद्र उगवला. सुनेनं ताट वाढलं. चंद्राचं दर्शन घेऊन उपास सोडायचा म्हणून म्हातारीनं वर पाहिलं आणि ताट सरकवून दिलं. तिथं लेकरू उपाशी, आणि तिकडंच बघून आपण घास घ्यायचा? ते तिच्यानं होईना. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. नुसत्या पाण्यावर होती.

राधाकिशन धावत तिच्या पालावर गेला. "आजे, सांगायचं राहिलंच. तो पोरगा मागनं सुखरूप घरी आला."

"मेल्या, मी डोळ्यांनी बघितलंय," दगडाबाई म्हणाली. आवाज खोल गेला होता. "तू नुसत्या तोंडानं आणतो व्हय त्याला?"

मग पंडितनं आपली अक्कल चालवली. रिळाचा एक तुकडा नेला आणि उजेडात धरून दाखवला. "हे बघ म्हातारे, हे असलं असतंय. समदं खोटं." दगडाबाईनं डोळे बारीक करून त्या नखाएवढ्या पोराकडं पाहिलं आणि ऊर बडवला. "आरं, एवढुसा झाला! उपासानं वाळून गेला की रं!"

केजच्या तहसिलातून आणलेला परवाना आजच्यापुरताच उरला होता. उद्या तंबू उठणार, आणि म्हातारी तर उठत नव्हती. राधाकिशनला रडूही येईना. इतक्या गावांत इतकी माणसं रडवली, पण खरोखर कोणी मरायला टेकेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"दुपारच्या खेळाला तिला आण," पंडित म्हणाला. "पुढं बसव. म्हातारी मेली तर लोक तंबू पेटवतील बे."

आसारामनं आईला पाठुंगळी घालून आणलं. तंबूत अंधार झाला, पडदा उजळला आणि राधाकिशन चपापला. पंडित रिळाच्या शेवटापासून दांडा उलटा फिरवत होता.

चंद्रावर पोरगा एकटा बसलेला. आभाळातून यंत्र शेपटीकडून खाली आलं आणि त्याच्यापाशी उतरलं. राधाकिशनला कंठ फुटला. "बघ आजे, सोबती माघारी आले! त्याला न्यायला आले!"

"उलट्या पावलानं कावून चालतेत?" दगडाबाईनं विचारलं.

"देवाला पाठ दावू न्हाई, आजे. चंद्रदेवाचा निरोप घेतेत."

म्हातारीनं हात जोडले. यंत्र पृथ्वीवर आलं. पोरगा उलट्या पावलानंच गल्ली ओलांडून घरी गेला. आई दारात होती. राधाकिशन सुखावला, आणि त्याच क्षणी त्याला पुढचं आठवलं. खेळाची सुरुवातच मुळी पोराच्या जेवणानं होत होती. सुरुवात आता शेवटाला येणार होती.

तसंच झालं. पोरगा ताटापुढं बसला. तोंडाशी हात नेला, अख्खा घास बाहेर काढला आणि ताटात ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"आरं, त्यो खाईना!" दगडाबाई हात टेकून उठू लागली. "तोंडातला घासबी काढून ठिवायलाय!"

राधाकिशनची गावोगाव धो धो वाहणारी जीभ टाळ्याला चिकटून बसली.

तेवढ्यात मागून, अंधारातून, पंडितचा आवाज आला. दांडा फिरायचा थांबला नव्हता.

"आजे, तुज्यासाठी काढून ठिवतोय त्यो. तीन दिस तू त्याच्यापायी उपाशी हायस, हे कळलंय त्याला. तू खाल्ल्याबिगर त्यो खायाचा न्हाई."

राधाकिशननं वळून पाहिलं. टिंगल ऐकायची सवय झालेल्या त्याच्या कानांना हा आवाज ओळखीचा वाटेना. पडद्यावर ताट शिगोशीग भरलं होतं. दगडाबाईनं त्या भरल्या ताटाकडं निरखून पाहिलं. मग ती लेकाकडं वळली.

"आता बसलास कावून?" ती आसारामवर खेकसली. "भाकर आण. लेकराला आजून किती येळ उपाशी ठिवतो?"