विश्वासू केंद्र

"प्रकाश खोटं बोलत नाही," प्रकल्पप्रमुख रेगे मॅडम चौकशी समितीला म्हणाल्या. "गुप्त संदेश नेणाऱ्या पुणे-कोल्हापूर लाइनमध्ये कुणी डोकावलं असतं, तर प्रकाशकण विस्कटले असते आणि आम्हाला लगेच कळलं असतं. संदेश उलगडायची गुप्त किल्ली उघडी होते ती फक्त मध्ये, कराडच्या केंद्रात."

सगळ्यांच्या नजरा तारळेकरांकडे वळल्या. कराडच्या त्या खोलीत ते एकटेच बसत. दारावर 'विश्वासू केंद्र' अशी पाटी मॅडमनीच लावली होती, आणि तिच्याखाली उभं राहून तारळेकरांनी बायकोबरोबर कौतुकाने फोटो काढला होता. आता त्याच लाइनवरून गेलेला गोपनीय अहवाल फुटला होता.

"पण मॅडम," तारळेकर म्हणाले, "प्रकाशकण टिपणाऱ्या डिटेक्टरचं काय? बाहेरून झगझगीत उजेड सोडला की तो आंधळा होतो, मग चोर आला तरी कळत नाही. फिल्टर बसवा म्हणून मी तुम्हाला आकृती काढून दोनदा लिहून दिलं होतं."

"असा कागद माझ्याकडे आलेलाच नाही." अकरा वर्षं हाताखाली शिकलेल्या माणसाकडे न बघता मॅडमनी फाइल मिटली.

निलंबनाचं पत्र खिशात घालून तारळेकर आपला डबा न्यायला केंद्रात आले, आणि जागीच थबकले. डिटेक्टरच्या तोंडाशी कोरा करकरीत फिल्टर बसवला होता, त्यांच्या आकृतीत होता तस्साच तिरका. खालच्या चिठ्ठीवर मॅडमच्या अक्षरात तो बसवल्याची तारीख होती, चौकशीच्या आदल्या रविवारची.

एक स्क्रू ढिला राहिला होता. तारळेकरांनी तो सवयीने घट्ट पिळला.