घेवडा आणि दोन सूर्य

माझी धाकटी जाऊ मनुबाई मला न सांगता सांगलीला लेकाकडं कायमची राहायला गेली. सामायिक अंगणात माझ्या वाट्यावर तिनं घेवडा वाळत घातला, त्यावरनं आमचं भांडण चाललं होतं. ते अर्ध्यात टाकून बाईनं दाराला कुलूप लावलं! ही काय रीत झाली?

दुपारी नात सृष्टी मोबाईलमध्ये बघून सांगत होती, "आजी, आपल्यापास्नं जवळच दोन सूर्यांचं एक घर हाय. भोवती ग्रहांचं लेंढार. ते दोघं कायम एकमेकांभोवती फिरत्यात."

"एवढ्या लांबचं कळतं कसं गं?"

"आधी एकच दिसायचा. पण तो जागच्या जागी हेलकावे खात होता. त्यावरनं वळखलं, ह्याला कुणीतरी ओढतंय."

मी उठले, दारातनं ते कुलूप बघून आले.

"सकाळपासनं कितवी खेप ही?" सृष्टी हसायला लागली.

मी तिला त्याच मोबाईलवरनं सांगलीला फोन लावायला लावला आणि तो कानाला धरला.

"मने, अर्ध्या भांडणातनं पळून जाणारी तू लय भित्री हायस. उद्याच्या पहिल्या यष्टीनं माघारी ये, आन् तुझा घेवडा तुझ्याच हातानं परत माझ्या वाट्यावर पसर!"