एक डोकं कमी

सकाळी विधानसभेत मांडलेलं काटकसरीचं विधेयक दुपारीच रेटायचा सरकारचा घाट होता. ते मंजूर झालं की सरकारी डायलिसिस केंद्रांना टाळं. सत्ताधारी बाकं अर्धी रिकामी पाहून, कामकाजाला लागणारी गणसंख्या भरू नये म्हणून सगळे विरोधक सभात्याग करून बाहेर पडले. हरकत घ्यायला त्यांच्यातल्या आमदार ताई तेवढ्या आत थांबल्या.

"अध्यक्ष महाराज, गणसंख्या नाही!"

मोजणीत एक डोकं कमी भरलं. सदस्यांना बोलावणारी घंटा वाजू लागली; ती थांबेपर्यंत कुणी आलं नाही, तर कामकाज तहकूब. ताई जीव मुठीत धरून दाराकडे बघत राहिल्या.

घंटा थांबता थांबता त्यांच्याच पक्षाचे म्हातारे मास्तर धापा टाकत आत घुसले. मागे दारं बंद झाली.

"गणसंख्या पूर्ण," अध्यक्ष म्हणाले.

मास्तर ताईंच्या शेजारी टेकले. "तुम्हाला एकटं लढायला सोडून कसा जाईन, ताई?"