सायलेन्सरमधली जाळी

सायलेन्सरमधली धूर साफ करणारी जाळी काढून गाडीला पिकअप मिळवून देण्यात त्या मेकॅनिकचा हात कुणी धरू शकत नसे. आज मात्र धापा टाकणाऱ्या लेकीला घेऊन तो डॉक्टरांसमोर बसला होता.

"गाड्यांचा धूर कडक उन्हात शिजतो आणि त्याचा विषारी वायू होतो. झाडांची पानंसुद्धा करपतात त्यानं, ही तर एवढीशी पोर! दुपारी हिला बाहेर सोडू नका," लेकीच्या तोंडावर मास्क चढवत डॉक्टर म्हणाले.

मेकॅनिकने काळे हात टेबलाखाली लपवले. सगळं सांगून टाकावंसं वाटलं, तेवढ्यात डॉक्टरच त्याच्याकडे निरखून पाहत हसले,



"अहो, ओळखलं नाहीत का मला? माझ्या गाडीची जाळी तुम्हीच तर काढलीत. काय पळते हो आता!"