चुकांचा दुष्काळ

सभा चारला होती आणि बॉयलरवाल्याकडे अजून एकही चूक नव्हती.

नव्हती म्हणजे, होत्या तेवढ्या खर्चून झाल्या होत्या. दर रविवारी कारखान्याच्या सभागृहात पक्षाच्या प्रत्येक माणसाने उभं राहून आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची, याला आत्मटीका म्हणत. दारू, आळस, पुढाऱ्यांच्या भाषणात घोरणं, सगळं सांगून झालं. वस्तीत चुकांचा असा दुष्काळ पडला की लोक साखर मागावी तशी शेजाऱ्याकडे चूक उसनी मागू लागले. न्हाव्याने तर मेलेल्या बापाची चूक स्वतःच्या नावावर खपवली. एकटा लेथवरचा टर्नर तेवढा छाती काढून म्हणाला होता, माझी काही चूक नाही. त्याला उत्तरेच्या बर्फातल्या छावणीत धाडलं म्हणतात; तो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याच्या पलंगावर आता दुसरंच कुटुंब झोपतं.

“अगं, काहीतरी दे,” बॉयलरवाला बायकोला म्हणाला.

एरवी नवऱ्याच्या चुका तिच्या जिभेच्या टोकावर असायच्या. पण त्याही केव्हाच देऊन झाल्या होत्या. मग तिने स्वतःच्या काढल्या. शिवणखात्यातून दोऱ्याचं रीळ घरी आणलं होतं, ते त्यानेच आणलं म्हणावं. पावाच्या रांगेत घुसली होती, तेही त्याच्या नावावर. मोर्चाच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी बसली होती, तेही घ्या. भांड्याची खरवड काढावी तसं सगळं खरवडून तिने त्याच्या पदरात टाकलं. वाटेने तो पाठ करत चालला. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला.

पक्षाचे चिटणीस उठले आणि म्हणाले, एरवी बायकांपर्यंत पाळी येतच नाही, आज सुरुवात त्यांच्यापासून. पहिलंच नाव तिचं निघालं.

तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. ती उभी राहिली. शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मागच्या भिंतीला टेकलेले दोन अनोळखी पुरुष सरळ झाले. चिटणिसांनी अगदी मायेने विचारलं, काहीच नाही का, ताई?

“आहे,” ती म्हणाली. “हे झोपेत हसतात. आपल्या थोर पुढाऱ्यांचं नाव घेतात आणि पोट धरधरून हसतात. मी ऐकते आणि गप्प पडून राहते.”

बॉयलरवाला आ वासून बघत राहिला. जागेपणी तो कधी हसला होता, ते त्याला आठवेना. आपल्यात एवढं हसू शिल्लक आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

ती येऊन त्याच्या शेजारी बसली. मागून बुटांचा आवाज जवळ येऊ लागला. तिने अंगावरची शाल काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि गाठ नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं.

“तिकडे थंडी फार असते म्हणतात,” ती म्हणाली.