चाळीस बादल्या

या तपासणीतून मानीबाईला मिळवायचं होतं ते एवढंच: कायम होणाऱ्यांच्या यादीत नाव. नऊ वर्षं ती दवाखान्यात कंत्राटावर होती. दर अकरा महिन्यांनी एका दिवसाचा खंड, आणि दुसऱ्या दिवशी काल जन्मल्यासारखी नवी सही. शेरा चांगला पडला तर यादी जिल्ह्याला जाईल, असं बडे बाबू सदाशिवराव म्हणाले होते. म्हणून तिनं पहाटेपासून चाळीस बादल्या हापशीवर भरल्या, जिन्यानं गच्चीवर नेल्या आणि टाकीत ओतल्या. मोटर जळून आठ महिने झाले होते. मोटर मेली होती. तिची फाईल मात्र जिवंत होती.

"मॅडमनं नळ खोलला की धार आली पाह्यजे," सदाशिवरावांनी बजावलं होतं. "बाकी मी पाह्यतो."

बाकी म्हणजे जुनं शेरेबुक. दवाखाना इंग्रजांच्या काळातला. तेव्हा गोरे सिव्हिल सर्जन घोड्यावरून यायचे, वॉर्ड पाहायचे आणि या चामडी बांधणीच्या वहीत शेरा लिहून जायचे. सदाशिवराव ती वही दर तपासणीला चहासोबत टेबलावर मांडत. साहेबलोक तिच्यात रमत. एका वेड्या इसमाला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवायला बैलगाडी मिळत नाही, असा एक शेरा होता. त्याचे फोटो आजवर सात साहेबांनी काढले होते. फोटो होईपर्यंत जेवणाची वेळ होई आणि वॉर्ड राहून जाई. गेली कित्येक वर्षं हा दवाखाना त्या वेड्याच्या पुण्याईवर चालला होता.

आठव्या आल्या डॉक्टर अर्पिता. त्यांनी फोटो काढला नाही. वाचत बसल्या. चहा निवला. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, एकोणीसशे तेरा. 'नोकरांना बाहेर थांबवून रोग्यांना विचारले.' चांगली पद्धत आहे. चला वॉर्डात."

सदाशिवरावांच्या तोंडातली सुपारी जागच्या जागी राहिली.

वॉर्डात मॅडमनी आधी नळ सोडला. धार आली. त्यांनी हात धुतले आणि सगळ्या नोकरांना व्हरांड्यात काढलं. मानीबाई खिडकीशी उभी राहिली. आत पहिल्याच खाटेवर तिच्या तांड्यावरची म्हातारी रामीबाई होती; तिला ती याडी, म्हणजे आई म्हणे.

"आजी, काही तक्रार? पाणी येतं ना नळाला?"

हो म्हण, याडी. मानीबाई मनात म्हणत होती. हो म्हण.

"नळाले कुठचं पानी, बाई!" रामीबाई उठून बसली. "आठ महिने झाले. आजचं तं तुम्ही येनार म्हून हाय. आमच्या मानीनं पहाटेपासून चाळीस बादल्या वर चढवल्या. मी इथं पडल्या पडल्या मोजल्या ना! पाठ मोडली पोरीची. तुम्ही तिचं नाव लिवा, बाई. एवढं कोन करते आजकाल?"

मॅडमनी नाव लिहून घेतलं.

मॅडम वाईट नव्हत्या. मोटरचं मी वर कळवते, म्हणाल्या. पण नळाचं काय करायचं? शेऱ्यात लिहिलं: 'पाण्याबाबत तपासणीची दिशाभूल. जबाबदारी निश्चित करून सात दिवसांत कळवावे.' आणि त्या पुढच्या दवाखान्याकडे गेल्या. तिथेही कुणीतरी काहीतरी भरत असेलच.

सदाशिवराव संध्याकाळपर्यंत जबाबदारी शोधत बसले. मोटर दुसऱ्या खात्याची. अधीक्षक रजेवर, तपासणीच्या दिवशी ते नेहमीच असत. स्वतःचं नाव लिहिण्याची पद्धत नव्हती. मग त्यांनी जुनं शेरेबुक तेच पान काढून समोर ओढलं आणि मॅडमनी जिथे वाचणं थांबवलं होतं, तिथून पुढे वाचलं. मानीबाईला बोलावून तिलाही वाचून दाखवलं.

"'विहीर आटली आहे. भिस्त्याला कामावरून काढले.' भिस्ती म्हंजे पखालीनं पानी भरनारा. पाय, पहिलेपासून असंच हाय. मी काही नवीन करून नाही राह्यलो."

"पन टाकी भराले तं तुम्हीच सांगतलं होतं, बाबूसाहेब."

"तोंडी सांगतलं होतं." सदाशिवरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तोंडी सांगतलेलं कागदावर घेता येते काय कुठं? माह्यं दीड वर्ष राह्यलं पेन्शनले, मानीबाई. समजून घे."

मानीबाईनं त्या पानाकडे पाहिलं. अक्षर सुंदर होतं.

"थ्या भिस्त्याचं नाव काय होतं?"

सदाशिवरावांनी ओळीवरून बोट फिरवलं. "लिवलं नाही."

"अन् माह्यं?"

"तुह्यं हाय ना, खुलाशात. पूर्ण. नवऱ्याच्या नावासकट."

ती वॉर्डात बादली घ्यायला आली तेव्हा रामीबाई जागीच होती. डोळ्यांत लग्नघरचा आनंद.

"लिवलं काय वो बाईनं नाव?"

"लिवलं, याडी."

"मी म्हनलं नव्हतं?"

मानीबाईनं तिला नळाचं पाणी पाजलं आणि गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून पाहिलं. एक बादली मॅडमच्या हातांवर गेली होती, दोन चहाच्या कपबशांना. बाकीच्या बादल्या रोग्यांना उद्या दुपारपर्यंत पुरणार होत्या. मोटर कुणाच्याच नावावर लागली नव्हती. बादल्या मात्र चाळीसच्या चाळीस मानीबाईच्या नावावर लागल्या.