हिरवी खिडकी

"अक्का, हिरवं का लाल?"

तळमजल्यावरच्या दुकानातून जीनतने हाक दिली, तेव्हा कौतिकअक्का अर्ध्या जिन्यावर होत्या. भरदुपारी धुळ्याचं आभाळ काळंभोर झालं होतं.

"थांब वं माय, खाली तर येऊ दे!"

दाराशी, मीटरशेजारी, पांढरी पेटी होती. गेल्या वर्षी लाइनीवर वीज पडली आणि जीनतच्या भरतकामाच्या मशीनचं कार्डच जळालं. दुकान कित्येक महिने बंद. आता पुन्हा तसं झालं, तर ते कायमचंच बंद होणार होतं. म्हणून वायरमन उमरभाईंनी सगळ्या इमारतीसाठी ही पेटी बसवली. लाइनीत एकदम जादा करंट आला, की पेटी तो अंगावर घेऊन जमिनीत सोडते.

"पण घाव बसला की ती मरूही शकते," त्यांनी बजावलं होतं. "वाटाण्याएवढी खिडकी हिरवी, तोवर पेटी जिवंत. लाल दिसली की आधी मेन स्विच पाडा."

"रोज सकाळी देवपूजा झाली की मी बघेन. नेमच धरते," अक्का म्हणाल्या. मग उमरभाईंनी पेटी त्यांच्या बरोब्बर तोंडासमोर येईल अशी ठोकली.

अक्कांचा नेम म्हणजे नेम. खिडकी बघायची, पेटीला कुंकू लावायचं, माथा टेकवायचा. उमरभाईंना हसू आवरेना.

"अक्का, पेटीच्या पाया पडणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

"घर राखस ना ती? मंग?"

श्रावणभर हिरवा चुडा, हिरवी टिकली, हाही नेमच. पण परवा टिकली कुठेशी पडली आणि सून शिल्पाला चिडवायला निमित्त मिळालं. "आत्याबाई, कोणत्या देवाला वाहिली?" अक्कांनी पाकिटातली दुसरी लावली.

आता त्यांनी पेटीसमोर डोळे बारीक केले.

"हिरवी शे! चालू दे तुझं!"

मशीन धडधडू लागलं. जळगावच्या मिसबाहच्या निकाहाचा दुपट्टा होता. न्यायला माणसं संध्याकाळी येणार होती. गल्लीतले लोक प्लग उपसत सुटले होते.

"जीनत, बंद कर गं!" समोरून जीवरामभाऊ ओरडले.

"आमची अक्का उभी आहे इथं!" जीनत आतूनच हसली.

तेवढ्यात कडाड्कन आवाज झाला. ट्यूबलाइट भक्कन पेटली, विझली, पुन्हा लागली. पेटीत खट्ट झालं. समोर जीवरामभाऊंच्या घरातून धूर निघाला. प्लग काढायच्या आधीच टीव्ही गेला होता.

जीनतने मशीनचं बटण दाबलं. दिवा लागला. सुई हलली.

"चालू आहे, अक्का! चालू आहे!" ती धावत आली आणि अक्कांच्या गळ्यातच पडली. दोघी एकदमच हसायला आणि रडायला लागल्या. गल्ली दाराशी गोळा झाली.

"अक्का, पुन्हा बघा ना. थोडंच राहिलंय. लावू का मशीन?"

अक्कांनी वाकून पाहिलं. तोच हिरवा ठिपका, जसाच्या तसा.

"हिरवी! लाव बिनघोर!"

जीनत आत पळाली. आभाळ आता पार खाली आलं होतं, पण अक्कांना कसली भीती? त्यांचं ऊर भरून आलं होतं. घामेजलेला माथा त्यांनी पेटीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

शिल्पा साखरेची वाटी घेऊन उतरली आणि पायरीवरच खुदकन हसली.

"हे काय आत्याबाई, आज दोन टिकल्या?"

अक्कांचा हात कपाळाला गेला. एक टिकली. तिच्याशेजारी आणखी एक.

त्यांनी पेटीकडे पाहिलं. आत मशीन धडधडू लागलं, बाहेर लख्ख उजेड पडला, आणि त्या उजेडात वाटाण्याएवढी खिडकी लालभडक दिसली.